डॅटसन ५१० : स्प्रिंगा, ब्रेक आणि चाकं

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार, फ्रीमॉन्ट

कामाला हात घालण्याआधी गाडीची आजची अवस्था लिहून ठेवतो. डॅटसन ५१०, १९७१ चं मॉडेल, दोन दारांची. इंजिन मूळचंच, एल१६, १५९५ सीसी. आयुष्य कॅलिफोर्नियात गेल्यामुळे खालचा पत्रा शाबूत आहे, गंज नावापुरता. इंजिन आणि कार्ब्युरेटरचं काम गेल्या वर्षी झालं. आता उरलंय ते रस्त्याशी नातं सांगणारं सगळं: स्प्रिंगा, शॉकअप, ब्रेक, चाकं.

भारतात डॅटसन (निसानचाच ब्रँड) म्हटलं की २०१४ साली आलेली आणि २०२२ मध्ये बंद झालेली स्वस्तातली छोटी गाडी आठवते. जरा जुन्या लोकांना प्रीमियरची ११८ एनई आठवेल, तिच्यात निसानचं ए१२ इंजिन होतं. आमच्या मामांकडे ती होती आणि घाटात ते पद्मिनीवाल्यांना मागे टाकायचे. पण अमेरिकेत डॅटसनला इज्जत मिळवून दिली ती ५१० ने. १९६८ मध्ये ती इथे १९९६ डॉलरला मिळायची. त्या पैशात ओव्हरहेड कॅम इंजिन, पुढे डिस्क ब्रेक आणि मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. अमेरिकेतल्या निसानचे प्रमुख युताका कातायामा यांनी जपानमधल्या मुख्यालयाशी भांडून हिच्यासाठी १६०० सीसीचं इंजिन मिळवलं. लोक हिला गरिबाची बीएमडब्ल्यू म्हणायचे, आणि ते कौतुकानं.

माझी गाडी मात्र आधीच्या कुणीतरी खाली बसवण्याच्या नादात बिघडवून ठेवली आहे. पुढच्या स्प्रिंगांची दीड-दोन वेटोळी ग्राइंडरने कापलेली. त्यामुळे शॉकअपला वर जायला जागाच उरलेली नाही. आय-८८० हायवेवरच्या काँक्रीटच्या सांध्यांवर पुढचा भाग सरळ रबरी बंपस्टॉपवर आपटतो. मागची चाकं वरून आत झुकलेली, डावीकडचा कँबर, म्हणजे चाकाचा झुकाव, उणे चार अंशांच्या पुढे. मागचे टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजलेत, बाहेरची कड जवळपास नवी. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मोह झाला तर हे पान उघडता येईल. ५१० चं सगळं वैभव तिच्या चाकांच्या वर-खाली होण्यात आहे. ते कमी केलं की गाडी फोटोत देखणी दिसते आणि रस्त्यावर निकामी होते. गाडी थोडी खाली घेईन, पण भूमिती सांभाळूनच. आणि तिन्ही कामं एकच समजून करीन: मोठी डिस्क घातली की मोठं चाक लागतं, चाकाचा ऑफसेट, म्हणजे ते किती आत-बाहेर बसतं ते, ठरला की मडगार्डमधली जागा ठरते, आणि त्या जागेवर गाडीची उंची ठरते. म्हणून खरेदीची सुरुवात चाकापासून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज दिवसभर वही, टेप आणि सरळ पट्टी. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर चढवली, चाकं काढली.

बोल्टांचं वर्तुळ ११४.३ मिमी, चार बोल्ट, आटे १२ × १.२५. सुदैवाने हेच माप पुढची बरीच वर्षं निसानने चालवलं, त्यामुळे चाकांना तोटा नाही. प्रश्न आहे तो १४ इंची की १५ इंची.

मूळ टायर १६५ आर१३ धरला तर त्याचा व्यास साधारण ५९४ मिमी येतो. १९५/६० आर१४ चा येतो ५९०. १९५/५० आर१५ चा ५७६. म्हणजे पंधरा इंचीत टायर मुळापेक्षा तीन टक्क्यांनी लहान होतो, स्पीडोमीटर तेवढा जास्त दाखवतो, हायवेवर इंजिन तेवढं जास्त फिरतं. चौदा इंचीत फरक एक टक्काही नाही. शिवाय टायरची भिंत १४ मध्ये ११७ मिमी, १५ मध्ये ९७. इथले जुने डोंगरी रस्ते पाहता मला ते वीस मिमी रबर हवंय.

उलट बाजूही खरी आहे. १९५/५० आर१५ मध्ये चिकट, स्पोर्टी टायर भरपूर मिळतात, कारण माझदा मियाटा या छोट्या स्पोर्ट्स गाडीवाले ते घाऊक घेतात. चौदा इंचीत निवड वर्षागणिक कमी होत चाललीय. मला शर्यत करायची नाही. चौदाच.

रुंदी सहा इंच. पट्टी लावून पाहिलं तर मागे मडगार्डची कड न वाकवता चाक जेमतेम वीस मिमी बाहेर येऊ शकतं. कड वाकवणं सोपं आहे, पण मूळ रंग तिथे तडकतो, आणि हा रंग मला जपायचाय. आठ आऱ्यांचं ॲल्युमिनियमचं जपानी चाक ठरवलं. त्या काळच्या गाडीला तेच शोभतं.

१ मार्च, शनिवार

पुढचे स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग पेलणारे उभे खांब, मिळाले. सॅक्रामेंटोच्या बाजूला एक गृहस्थ आपली डॅटसनचीच स्पोर्ट्स गाडी, २८० झेडएक्स, सुटी करून विकत होते, त्यांच्याकडून दोन्ही बाजू, चाक ज्यावर बसतं ते हब, डिस्क चिमटणारे कॅलिपर, सगळं एकत्र उचललं. १९७९ ते ८३ मधल्या या गाडीचा स्ट्रट ५१० च्या खालच्या जोडाला बसतो, म्हणून ५१० वाल्यांमध्ये हा बदल पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. भंगारवाल्यांकडे आता झेडएक्स दिसेनाशा झाल्या आहेत. ज्यांना हे काम पुढे कधी करायचंय त्यांनी स्ट्रट दिसले तर आत्ताच घेऊन ठेवावेत.

डिस्क बदलायचीच का, असं घरातून विचारणा झाली. त्याचं उत्तर माउंट हॅमिल्टनच्या रस्त्यावर आहे. सॅन होजेच्या पूर्वेला लिक वेधशाळेपर्यंत जाणारा हा रस्ता १८७० च्या दशकात बांधला, आणि वेधशाळेचं सामान घोडागाड्यांनी वर न्यायचं म्हणून चढ मुद्दाम सौम्य ठेवला. सौम्य म्हणून वळणं असंख्य, आणि उतार संपता संपत नाही. उतरताना प्रत्येक वळणाआधी थोडा थोडा ब्रेक लागतो, मधे थंड व्हायला सवड नाही. तिथे या गाडीच्या ब्रेकनी मान टाकलेली मी अनुभवलीय: पाय तेवढाच दाबलेला, पेडल घट्ट, आणि गाडी थांबायला राजी नाही. पॅड तापले की त्यांची पकड जाते, तो हा प्रकार. पेडल मऊ पडून फरशीला टेकलं असतं तर दोष उकळलेल्या ब्रेक ऑइलचा, आणि तो याहून वाईट.

मूळ डिस्क भरीव आणि पातळ आहे. झेडएक्सची डिस्क जाड, दोन चकत्यांच्या मधे पंख्यासारख्या पोकळ फटी असलेली. चाक फिरतं तशी हवा मधून खेचली जाते आणि बाहेर फेकली जाते. गाडी साडेनऊशे किलोची, डिस्क तिच्याहून बऱ्याच जड गाडीसाठी केलेली. हा हिशोब मला पटतो.

कॅलिपर पुठ्ठ्यावर ठेवून बाहेरची रेघ मारली, नमुना कापला आणि चाकवाल्याकडे पाठवला. चौदा इंची चाकात बसतो. जुन्या तेरा इंचीत बसणार नाही, म्हणजे आता परतीचा रस्ता बंद.

९ मार्च, रविवार

घड्याळं आज एक तास पुढे गेली, संध्याकाळी उजेड जास्त मिळाला. स्प्रिंगांचा हिशोब पूर्ण केला.

ओळखीतले जवळजवळ सगळे पुढे २५० पाउंड प्रति इंचाची (म्हणजे एक इंच दाबायला २५० पाउंड लागणारी) स्प्रिंग घ्या म्हणतात. मी गाडीचा पुढचा एक कोपरा धरला. चाक, हब, ब्रेकचं वजन वगळून त्यावर साधारण २२० किलो येतात. २५० पाउंडाच्या स्प्रिंगवर हे वजन सेकंदाला सव्वादोन वेळा वर-खाली होऊ पाहतं. ट्रॅकवर ठीक, रोजच्या रस्त्यावर दात वाजतील. १५० पाउंडावर हाच आकडा १.७५ च्या आसपास येतो. साध्या घरगुती गाड्या एक ते दीडमध्ये असतात. म्हणजे त्यांच्याहून कडक, पण बसणाऱ्याचा जीव घेणार नाही. १५० घेतल्या.

मागे हिशोब वेगळा. ५१० च्या मागच्या बाजूला स्प्रिंग चाकापाशी नसते, ती झुलत्या आर्मवर आत, बिजागरीच्या जवळ बसते. चाक दहा मिमी उचललं तर स्प्रिंग सातच मिमी दबते, असं माझ्या मोजणीत आलं. आणि हे गुणोत्तर दोनदा लागतं, एकदा अंतराला आणि एकदा जोराला. ०.७ चा वर्ग ०.४९. म्हणजे मागे ३०० ची स्प्रिंग घातली तरी चाकाला ती दीडशेहून थोडी कमीच वाटते. मागचा कोपरा हलकाही आहे, त्यामुळे तिथली लय १.९ च्या जवळ येते. मागची लय पुढच्याहून किंचित जलद असावी असा जुना नियम आहे: खड्डा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मागचं चाक उशिरा उडी मारतं पण लवकर आवरतं, दोघं जवळजवळ एकत्र शांत होतात आणि गाडी डोलत राहत नाही. माझे आकडे त्या नियमात बसले.

स्ट्रटची जुनी स्प्रिंगची वाटी कापून काढली. नळीचा एक तुकडाही कापायचाय, नाहीतर गाडी खाली आणल्यावर शॉकअपचा दांडा पुन्हा तळाला टेकेल, म्हणजे आधीच्या मालकाचाच आजार. नळी आखूड, तिच्यात बसणारा आखूड शॉकअप, आणि बाहेरून आटे असलेली बाही, जिच्यावर स्प्रिंगची उंची फिरवता येते. कापायची जागा मी आखून दिली. वेल्डिंग सॅन होजेतल्या एका व्हिएतनामी कारागिराकडे. नळी सरळ राहावी म्हणून त्याने आत घट्ट बसणारा पाइप घालून मग टाके मारले. त्याचा टाका बघत राहावा असा आहे.

२२ मार्च, शनिवार

पुढची बाजू जुळवली.

शॉकअप नळीत सोडण्याआधी नळीत थोडं इंजिन ऑइल ओतलं. शॉकअप बंद डब्यासारखा असतो, त्याला स्वतःला या तेलाची गरज नाही. पण शॉकअप आणि नळी यांच्यामध्ये हवा राहिली तर उष्णता आतच कोंडते. तेल ती नळीपर्यंत पोचवतं.

स्ट्रटच्या तळाशी, स्टीअरिंग आर्मच्या वर, १९ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची चकती घातली. अख्ख्या पुढच्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची वस्तू हीच. गाडी खाली आली की खालचे आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलल्यासारखे दिसतात. मग वळणावर गाडी जास्त कलंडते, आणि खड्ड्यात चाक वर गेलं की स्टीअरिंग न हलवताही चाक स्वतःहून वळतं. चकतीमुळे आर्म आणि स्टीअरिंगचा रॉड दोन्ही पुन्हा आपल्या मूळ कोनाजवळ येतात. स्टीअरिंग आर्म ५१० चेच ठेवले.

टेन्शन रॉडच्या बुशांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे गाड्या मोडलेल्या मी ऐकल्या आहेत. हा रॉड खालच्या आर्मला पुढे-मागे सरकण्यापासून धरतो, आणि त्याचं टोक चौकटीतल्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी बुशांमध्ये दाबलेलं असतं. चाक वर-खाली झालं की रॉडला थोडं लवावं लागतं. दोन्ही बाजूंना कडक पॉलियुरेथेन घातलं तर लवायला जागा राहत नाही, सगळा ताण आट्यांच्या मुळाशी येतो आणि तिथे तडा जातो. ब्रेक मारताना हा रॉड तुटला तर चाक मडगार्डमध्ये शिरतं. म्हणून एका बाजूला पॉलियुरेथेन, दुसऱ्या बाजूला रबर. स्टीअरिंगचा नेमकेपणा वाढतो आणि रॉडही जगतो.

हबचं बेअरिंग धुऊन नवीन ग्रीस भरलं. नट घट्ट करून चाक फिरवलं, मग सैल करून पुन्हा हाताला जाणवेल इतपत आवळलं. खेळ नाही, जडपणाही नाही.

आई-बाबा परवा पुण्याहून आले. बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. अजून जेट लॅग उतरलेला नाही, पण पहाटे चारला गॅरेजमधला दिवा लागलेला दिसला, आणि जाऊन पाहतो तर चष्मा कपाळावर चढवून मागचा ड्रम निरखत बसले होते.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली, काम बंद. बाबांनी मागच्या ब्रेकवर मत दिलं तेवढं नोंदवतो: "डिस्क-बिस्क मागे घालू नकोस. ड्रमला काही झालेलं नाही, लायनर नवीन घाल आणि नीट सेट कर." माझंही तेच ठरत होतं. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, इतक्या हलक्या गाडीत मागच्या चाकांवर फार काही उरत नाही. तिथे मोठे ब्रेक घातले तर मागची चाकं आधी जाम होतील आणि गाडी गरकन फिरेल. मागे डिस्क घालायची तर पुढचा-मागचा तोल नव्याने साधायला वेगळा व्हॉल्व्ह, वेगळी हँडब्रेकची केबल. ते सगळं फक्त चाकाच्या आऱ्यांमधून डिस्क दिसावी म्हणून मला करायचं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

ब्रेकचा दिवस. याच कामाची मला सगळ्यात ओढ होती.

पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर बदलला. मूळचा पाऊण इंच व्यासाचा. पुढचे कॅलिपर मोठे झाले म्हणजे त्यांना जास्त ऑइल ढकलावं लागणार, लहान सिलिंडरने पेडल खोल गेलं असतं. सात-अष्टमांश इंचाचा घेतला. क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. तेवढ्याच ऑइलसाठी पेडल कमी सरकतं, पण तेवढ्याच दाबासाठी पाय ३६ टक्के जास्त जोराने लावावा लागतो. कॅलिपरचा मोठा पिस्टन आणि डिस्कचा मोठा व्यास मिळून त्यातला बराचसा जोर परत देतात. या गाडीला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, म्हणून हा हिशोब करणं भाग होतं. पंधरा-षोडशांश इंचाचाही मिळतो, पण तो रोजच्या वापराला पायावर जड जाईल.

रबरी नळ्या चारही टाकून दिल्या. पुढची डावीकडची ठीक होती, उजवीकडची कापून पाहिली तर आतून फुगून भोक टाचणीएवढं उरलेलं. गाडी डावीकडे का ओढत होती ते इथे कळलं: उजव्या चाकाला दाब उशिरा पोचत होता. बाहेरून ही नळी अगदी धडधाकट दिसत होती. पन्नास वर्षांच्या गाडीत रबराच्या बाहेरच्या रूपावर अजिबात विश्वास ठेवू नये.

मागे नवीन व्हील सिलिंडर, नवीन लायनर. लायनरच्या दोन्ही टोकांना बाबांनी कानसने उतार दिला, म्हणजे ड्रमला धार लागून किंचाळणार नाही. मी ॲडजस्टर फिरवायचा, ते हाताने ड्रम फिरवून कान लावायचे. "अजून एक दात. थांब. हां, आता घासतोय, अर्धा मागे घे." दोन्ही बाजूंचा घासण्याचा आवाज सारखा येईपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

मग हवा काढणं. मास्टर सिलिंडरची हवा बसवण्याआधी टेबलावरच काढली होती. बाबा ड्रायव्हरच्या जागेवर, मी खाली. सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं उजवं, मग मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं. "दाबा." "दाबलं." निपल सैल, पारदर्शक नळीतून बुडबुडे, निपल बंद. "सोडा बाबा." एसटीच्या गाड्यांना हवेचे ब्रेक. बाबा म्हणाले, "तीस वर्षं टाकीत हवा टिकावी म्हणून झटलो, आणि इथे हवा राहू नये म्हणून बसवलंयस." पेडल हळूहळू वर येत गेलं आणि शेवटी अर्ध्यातच घट्ट थांबलं. त्यांनी पाय तसाच रोवून ठेवला, एक मिनिटभर. पेडल तसूभरही खाली गेलं नाही. "गळती नाही," म्हणाले, आणि मगच चहा.

ऑइल डॉट ४ घातलं. कोरडं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ३ ची हमी २०५ ची. खरा फरक पुढे पडतो: हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मुरलेल्या पाण्यासकट हे आकडे १५५ आणि १४० वर येतात. म्हणून कुठलंही घातलं तरी दोन वर्षांनी बदलायचं. पॅड साधे, रस्त्यावरचे. शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि सकाळी गल्लीच्या तोंडाशी शाळेची मुलं असतात तेव्हा पॅड थंडच असतात.

२६ एप्रिल, शनिवार

मागची बाजू. डिफरन्शिअलला आधार देऊन मागचा क्रॉसमेंबर (आर्म ज्याला जोडलेले असतात तो आडवा तुळईसारखा भाग) दोन्ही आर्मसकट खाली उतरवला. बोल्ट न तुटता निघाले, हे कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेचं देणं.

मागच्या चाकांचं दुखणं समजून घ्यायला या आर्मकडे नीट पाहावं लागतं. आर्मची बिजागरी गाडीला काटकोनात नाही, तिरकी आहे. त्यामुळे चाक वर जाताना नुसतं वर जात नाही, वरून आत झुकतही जातं. वळणावर हे फायद्याचं: गाडी बाहेर कलंडते, चाक आत झुकतं, टायर रस्त्यावर सपाट राहतो. १९७० च्या ईस्ट आफ्रिकन सफारी रॅलीत याच ५१० च्या घराण्यातली १६०० एसएसएस पहिली आली, चिखल आणि दगडगोट्यांतून. चाकांना भरपूर वर-खाली होता आलं म्हणूनच हे शक्य झालं, असं मला वाटतं. पण स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली की चाक उभ्या उभ्याच झुकलेलं राहतं आणि टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं, तोही बिघडतो. कारखान्याने इथे ॲडजस्ट करायची सोयच ठेवलेली नाही.

म्हणून सोय आपण करायची. क्रॉसमेंबरवर आर्मचा बोल्ट जिथून जातो तिथलं गोल भोक लांबट केलं, दोन्ही बाजूंना जाड पत्र्याची पट्टी वेल्ड केली आणि बोल्टला विकेंद्री चकती दिली. चकती फिरवली की बिजागरीचं टोक सरकतं. एका टोकाने मुख्यतः कँबर, दुसऱ्याने मुख्यतः टो. वेल्डिंग त्याच कारागिराकडे. भोकं लांबट करण्याआधी त्याने क्रॉसमेंबर एका सपाट लोखंडी टेबलावर टाक्यांनी जखडला, म्हणजे उष्णतेने पीळ पडणार नाही. काम सोपं वाटतं, पण हा पीळ पडला तर मागची दोन्ही चाकं कायमची वेगवेगळ्या दिशांना बघतील.

बुश मागे सगळे नवीन रबराचे. ते आवळताना एक पथ्य: बोल्ट नुसते अडकवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, एक-दोनदा हलवून बसू द्यायची आणि मगच शेवटचं आवळायचं. आर्म लटकलेला असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

डिफरन्शिअलकडून चाकांना फिरवणाऱ्या हाफशाफ्टचे क्रॉस (लवणारे सांधे) तपासले. उजवीकडच्या आतल्या क्रॉसला हलका खेळ आहे.

१० मे, शनिवार

चाकं चढली. १४ × ६, १९५/६०. नट १२ × १.२५, ॲल्युमिनियमच्या चाकाला साजेसे शंकूच्या टोकाचे. जुने स्टीलच्या चाकाचे नट इथे चालत नाहीत, बैठक वेगळी असते. टॉर्क रेंचने ८० न्यूटन-मीटर, आडवेतिडवे क्रमाने.

कॅलिपर आणि आऱ्यांमध्ये करंगळी जाते. स्टीअरिंग दोन्ही टोकांना नेऊन, पुढचं एकेक चाक जॅकने वर दाबून पाहिलं, कुठेही घासत नाही. मागे डिकीत सिमेंटच्या पिशव्या आणि मागच्या सीटवर आई-बाबा असं वजन टाकलं तरी मडगार्ड आणि टायरमध्ये जागा राहते. रंगाला हात लावावा लागला नाही.

गाडी मूळ उंचीपेक्षा साधारण ४० मिमी खाली आहे. एक मित्र बघून म्हणाला, अजून दोन इंच खाली घे, मस्त दिसेल. दिसेल. पण पुढच्या शॉकअपला आत्ता वर जायला ६० मिमीहून जास्त जागा आहे आणि ती मी कुणाला देणार नाही.

१८ मे, रविवार

काल अलाइनमेंट झालं. कारागिराने आधी मला गाडीत बसवलं, माझ्या वजनासकट मापं घेतली. पुढे कँबर उणे १.५ दोन्हीकडे, टो एक मिलिमीटर आत. मागे कँबर डावीकडे उणे १.४, उजवीकडे उणे १.५, टो दोन्हीकडे सारखा, किंचित आत. जिथे उणे चार होते तिथे हे आकडे बघून मला खूप समाधान वाटलं. कॅस्टर (स्ट्रटचा पुढे-मागे कल) दोन्हीकडे सारखा करायला टेन्शन रॉडच्या चकत्या थोड्या हलवाव्या लागल्या.

आय-८८० वरचे तेच सांधे. आता आवाज येतो, धक्का येत नाही. बाबा शेजारी बसले होते, त्यांनी खिडकीतून बाहेर बघत निपाणीजवळच्या जुन्या रस्त्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. स्प्रिंगांबद्दल काहीच बोलले नाहीत, आणि ते मी शेरा म्हणून धरतो.

३१ मे, शनिवार

नवे पॅड बसवताना रीतसर तापवून घेतले होते: मोकळ्या रस्त्यावर वेगातून हळू, पूर्ण न थांबता, पुन्हा पुन्हा, मग थंड होईपर्यंत साधं चालवणं. पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा बसल्याशिवाय डोंगरावर जायचं नाही असं ठरवलं होतं.

आज माउंट हॅमिल्टन. पहाटे निघालो, सायकलवाले यायच्या आत. ॲलम रॉककडून चढायला सुरुवात केली, ग्रँट पार्कच्या दरीत उतरलो, पुन्हा चढ, स्मिथ क्रीकचा पूल, आणि तिथून वेधशाळेपर्यंत सलग चढ. तिसऱ्या गिअरमध्ये एका वळणातून दुसऱ्यात जाताना पुढचा भाग जिथे ठेवावा तिथे राहतो. वळणाच्या मधोमध खड्डा आला तरी स्टीअरिंग हातात हिसका मारत नाही. ती १९ मिमीची चकती इथे बोलते.

उतरताना मुद्दाम गिअरचा आधार कमी घेतला आणि ब्रेकवर भार टाकला. स्मिथ क्रीकला थांबून चाकाजवळ हात नेला तर आऱ्यांमधून चांगलीच गरम वाफ येत होती, पॅडचा जळका वास मात्र नाही. पुढच्या शेवटच्या लांब उतारावरही पेडल होतं तिथेच, पकड होती तेवढीच. एका वळणावर हरणांचा कळप आडवा आला. जोरात ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली, मागची चाकं जागची हलली नाहीत. ड्रमचा तोल बरोबर साधलाय.

घरी आल्यावर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, पुढच्या डावीकडचे दोन पाव फेरा सरकले. नवीन ॲल्युमिनियमच्या चाकांना पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर हे करायलाच हवं. मास्टर सिलिंडरमधल्या ऑइलची पातळी तीच. मागच्या ड्रमचा एक दात वाढवला, लायनर बसल्यामुळे.

राहिलेलं काम: उजव्या हाफशाफ्टचा आतला क्रॉस, मागवलाय. गाडीचं कलंडणं रोखणारा पुढचा अँटीरोल बार जाड घ्यायचा का ते अजून ठरवलेलं नाही. आत्ता गाडी जितकी कलंडते तितकी मला आवडतेय, आणि पावसाळी रस्त्यावर चालवून पाहिल्याशिवाय त्याला हात लावणार नाही. बाबा सप्टेंबरपर्यंत आहेत, क्रॉस त्यांच्यासमोरच बदलू. त्यांनी प्रेस कुठे भाड्याने मिळते ते शेजाऱ्यांकडून शोधूनही ठेवलंय.